अकरा नंबरवरचं माझं कुलूप

रा. रा. वडील साडूभाऊ यांसी,

धाकट्या साडूचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, आणि त्याबद्दल ताईंचं मत कसं आहे? (गेल्या खेपेला तुमच्या मते तो सतत दुखत होता आणि ताईंच्या मते फक्त जिना झाडायच्या वेळी. मी दोन्ही बाजू नीट ऐकल्या आणि मनातून तुमच्या बाजूला आहे. हे ताईंना कळू देऊ नये.) शाळेतून निवृत्त झाल्यावर चित्रकलेच्या मास्तरांनी आता तरी स्वतःसाठी चित्रं काढावीत असं मला वाटायचं, पण तुम्ही अजून नाटकाचे पडदेच रंगवताय असं कळलं. असो. इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहितात, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर क्षेम तुमच्या मेहुणीचं आहे आणि कुशलही तिचंच. माझ्या वाट्याला त्यातलं काही आलेलं नाही.

हे पत्र मी साइटवरच्या स्टोअरमध्ये, सुट्या भागांच्या खोक्यांमागे बसून लिहितो आहे. घरी लिहिलं तर तुमची मेहुणी वाचते. लपूनछपून नव्हे, सरळ समोर बसून, हातात पेन्सिल घेऊन, कारण माझ्या ऱ्हस्वदीर्घांवर तिचा काडीचा विश्वास नाही. (लग्नाआधी मी तिला एकच पत्र पाठवलं होतं. ते तिने पेन्सिलने दुरुस्त करून मला परत पाठवलं, वर एक शब्द लिहिला नाही. मी तो होकार समजलो. होकारच होता.) पत्राचं कारण शेवटी सांगतो. आधी माझं रडगाणं ऐका, कारण ऐकायला दुसरं कोणी नाही.

आमचं काम तुम्हाला एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही जेवणानंतरची डुलकी घेत होतात. पवनचक्की लांबून बघणाऱ्याला वाटतं, ती आपली आपण फिरते. ती तशी फिरावी म्हणून कोणीतरी टॉवरच्या आत शिरून माथ्यापर्यंत चढायचं असतं, बोल्ट आवळायचे असतात, वंगण घालायचं असतं आणि वर उंदरांनी घर केलं नाही ना ते बघायचं असतं. (उंदीर तिथवर कसे पोचतात हे कंपनीलाही माहीत नाही. त्यांना पट्टाही लागत नाही.) एकट्याने चढायचं नाही, हा आमचा पहिला नियम. चढताना अंगावर खांद्यापासून मांड्यांपर्यंत जाड पट्टा बांधायचा आणि जोडीदाराने तो ओढून बघायचा. तुमची मेहुणी आणि मी लग्नाच्या आधीपासून जोडीने चढत आलो. रोज सकाळी टॉवरच्या पायथ्याशी ती माझ्या छातीवरचा पट्टा धरून खसकन ओढायची आणि म्हणायची, "घट्ट आहे. चल." साडूभाऊ, आमच्या संसारात गोड बोलणं म्हणून जे काही झालं ते एवढंच, आणि मला ते पुरत होतं. एवढं ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा.

मग ती साइटची प्रमुख झाली. माझी नोकरी तिच्यापेक्षा जुनी, माझे केस तिच्या आधी गेले, आणि खुर्ची मिळाली तिला. मी सगळ्यांशी हसून बोललो आणि हसून हसून माझे जबडे दुखले. ती लायक होती, हीच तर खरी पंचाईत. नालायक माणसाला बढती मिळाली तर चारचौघांत बसून चार शब्द बोलता तरी येतात. इथे मला तोंड उघडायची सोय राहिली नाही. जो तो येऊन माझं अभिनंदन करायचा, जणू मीच तिला शिडी धरून वर चढवलं होतं, आणि मीही "हो, हो, प्रोत्साहन दिलं पाहिजे" असं म्हणून त्याचं माप माझ्या पदरात घालून घ्यायचो.

त्याच सुमारास मुख्य कार्यालयाने ठरवलं, की या धंद्यात बायकांनी पुढे यावं. ठरवलं म्हणजे गेटवर एक मोठा फलक लावला. त्यावर एक बाई पवनचक्कीकडे बोट दाखवून हसते आहे आणि तिच्या पायांत उंच टाचांचे बूट आहेत. तुमच्या मेहुणीने फलकाबद्दल आभार मानले आणि तीन गोष्टी मागितल्या: लहान मापाचे पट्टे, लहान मापाचे हातमोजे आणि साइटवर बायकांसाठी संडास. कार्यालयाने यावर गंभीर विचार केला आणि गुलाबी हेल्मेटं पाठवली. ती सगळी थोराड मापाची निघाली. अख्ख्या साइटवर ती बसली फक्त माझ्या डोक्याला, आणि माझं जुनं हेल्मेट तडकलेलं असल्यामुळे ते गुलाबी प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, म्हणजे डोक्यावर. संडासाचं मात्र तिने झकास जमवलं. कार्यालयातल्या बड्या साहेबांच्या बायकोला तिने आग्रहाने साइट बघायला बोलावलं, ऊन फार आहे म्हणून दिवसभर सरबत पाजलं आणि काही म्हणजे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. (अशा बाईच्या हाताखाली काम करणं सोपं नाही, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगितलं.)

मग तिने आसपासच्या मुली गोळा केल्या आणि त्यांना हे काम शिकवायला घेतलं. इथवरही माझी ना नव्हती. पण नवीन मुलीने पहिलं वर्ष अनुभवी बाईबरोबरच चढायचं असा नियम तिने काढला, आणि साइटवर अनुभवी बाई होती एकच. तेव्हा बाकीच्या मुलींना ती आळीपाळीने वर न्यायची, आणि त्यातली सगळ्यांत किडकिडीत पोर तिने स्वतःची कायमची जोडीदार म्हणून घेतली. तिला आम्ही चिमणी म्हणतो. माझ्या वाट्याला आला बडबड्या, जो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत स्वतःच्या पित्ताविषयी बोलतो आणि माझा पट्टा असा ओढतो, जसा काही वाळत घातलेला पंचा वाळला का ते बघतोय. मी ते सोसलं. पण एका सकाळी मी वळून बघितलं, तर तुमच्या मेहुणीने त्या चिमणीचा पट्टा खसकन ओढला आणि म्हणाली, "घट्ट आहे. चल." साडूभाऊ, मी जळलो. इतर नवऱ्यांना परक्या पुरुषांचा मत्सर वाटतो आणि त्यांना निदान कोणाची सहानुभूती तरी मिळते. मला एका पोरसवदा मुलीचा वाटला, तोही पट्ट्यावरून. हे सांगायचं कोणाला? मी घरी रुसायला सुरुवात केली, पण ती इतकी कामात, की रुसवा तिच्या लक्षात येईपर्यंत आठवडा गेला. तेवढे दिवस मी फुकटच रुसून होतो.

आता मूळ प्रकरण. आमची अकरा नंबरची पवनचक्की बरेच दिवस बंद होती आणि ती पूर्णपणे या मुलींनी दुरुस्त केली. ती सुरू करायचा समारंभ ठरला. कंपनीच्या अध्यक्षीणबाई येणार, मांडव पडणार, बटण मुली दाबणार. कार्यक्रमपत्रिकेत खाली एक ओळ होती: 'स्त्रियांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या पुरुषाचा सत्कार'. ती वाचून मी आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री केली. मग बडबड्याने सांगितलं, की सत्कार बड्या साहेबांचा आहे. का, तर संडासाच्या कागदावर सही त्यांची. साडूभाऊ, सही त्यांची, पण इतकी वर्षं घरी आल्यावर तिच्या हातांच्या भेगांना मलम कोणी लावलं? मी सत्काराचा भुकेला नाही, पण इस्त्री केलेली होती.

अशा मनःस्थितीत समारंभाच्या दिवशी सकाळी मी एकटाच अकरा नंबरकडे गेलो. हेतू सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं. मुलींच्या कामात एखादी चूक सापडावी आणि ती मी मोठ्या मनाने, सगळ्यांसमोर, दुरुस्त करून द्यावी. आता आमचा दुसरा नियम ऐका, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आत काम करायला जो शिरतो, त्याने पायथ्याच्या मोठ्या स्विचवर स्वतःचं लाल कुलूप लावायचं. कुलूप असेपर्यंत चक्की सुरूच होत नाही, म्हणजे आत माणूस असताना कोणी चुकून बटण दाबलं तरी तो जिवानिशी जात नाही. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, त्यावर त्याचा फोटो, किल्ली एकच आणि तीही त्याच्याच खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मी नियमाचा पक्का. कुलूप लावलं, तळाशीच उभं राहून बोल्ट तपासले. आवळून झालेल्या बोल्टवर आम्ही रंगाची रेघ ओढतो. बोल्ट पुढे जरा जरी हलला तरी ती रेघ मोडते. एक रेघ मोडलेली नव्हती. उलट इतक्या सरळ आणि सुबक रेघा, की तुम्ही वर्गात दाखवायला नेल्या असत्यात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन बंद केला, वॉकीटॉकी बंद केला, माझा पट्टा चिमणीच्या हाती लागू नये म्हणून मोटरसायकलच्या डिकीत कोंबला आणि निघालो. मोटरसायकल पंक्चर होती, म्हणून ती तिथेच सोडून पाण्याच्या टँकरवाल्याशेजारी बसलो आणि शहरात जाऊन न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटले. कुलूप स्विचवर लटकत होतं. किल्ली माझ्या खिशात होती. हे मला आठवलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. (बडबड्या म्हणतो, मी मुद्दाम केलं. बडबड्याचं पित्त डोक्यात गेलंय.)

पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं. अध्यक्षीणबाई आल्या, भाषणं झाली, साहेबांचा सत्कार झाला. मुली बटणापाशी गेल्या तर स्विचवर लाल कुलूप आणि त्यावर माझा फोटो, केस होते तेव्हाचा, दात दाखवून हसणारा. शोधाशोध झाली. फोन लागेना, वॉकीटॉकीला उत्तर नाही. खुंटीवर माझा पट्टा नाही, हेल्मेट नाही, आणि मोटरसायकल जागच्या जागी उभी. खालून हाका मारल्या, पण वर वाऱ्यात काही ऐकू जात नाही. साहेब म्हणाले, "अहो, चहाबिहा प्यायला गेला असेल. कटर आणा आणि तोडा ते कुलूप, पाहुणे ताटकळलेत." कटर आला. तुमच्या मेहुणीने तो साहेबांच्या समोर हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाली, "कुलूप आहे तोवर माणूस आत आहे." मग ठेवणीतल्या कपड्यांवरच पट्टा चढवला, चिमणीला हाक मारली आणि निघाली वर. कुलूप असल्यामुळे आतली लिफ्टही बंद, म्हणजे शिडीने. वर माझा पाय घसरला असेल, छाती भरून आली असेल, मी बोलण्याच्या पलीकडे गेलो असेन, असलं सगळं मनात घेऊन ती अख्खी शिडी चढली. खाली मांडवात कोणी बोलत नव्हतं. बडबड्यासुद्धा नाही, असं तो स्वतः सांगतो.

आणि मी काय करत होतो? न्हावी मला विचारत होता, मिशी ठेवू की उडवू.

टँकर गेटातून आत आला तेव्हा त्या दोघी नुकत्याच खाली उतरल्या होत्या. मी खाली उडी मारली, डोक्यावर गुलाबी हेल्मेट, मानेवर पावडर. एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघायची ही पहिलीच वेळ, आणि माझा सत्कार असाच व्हायचा होता. तुमच्या मेहुणीच्या कपड्यांना वंगण लागलं होतं, श्वास लागला होता. ती माझ्याजवळ आली, माझा शर्ट छातीशी धरून खसकन ओढला. मग मला हाताने स्विचकडे जायची खूण केली. मी सगळ्यांसमोर किल्ली काढून कुलूप उघडलं. कटर हाताशी असताना, साहेब खोळंबलेले असताना, तेही तिने मलाच करायला लावलं. मुलींनी बटण दाबलं, पाती फिरायला लागली आणि चिमणी रडली.

आता याचा परिणाम बघा. अध्यक्षीणबाईंनी जागच्या जागी सांगितलं, की पाहुण्यांसाठी जी बाई कुलूप तोडत नाही, ती मला समुद्रातल्या पवनचक्क्यांवर हवी. समुद्रात कंपनी नवं मोठं केंद्र उभारते आहे, आमच्यासारखी साइट त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. ते सगळं तुमच्या मेहुणीच्या हाताखाली. चिमणीला आणि बाकी मुलींनाही ती बरोबर नेऊ शकते. म्हणजे साडूभाऊ, मी जळलो, मी रुसलो, मी विसरलो, आणि त्यातून बढती पुन्हा तिलाच. माझी चूकसुद्धा तिच्याच कामी आली.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "कुलूप तोडलं का नाहीस?" ती कपड्यांवरचा डाग घासत होती. म्हणाली, "वर तू नव्हतास तेव्हा हायसं वाटलं. खाली आलास तेव्हा तुला बदडावंसं वाटलं." मग म्हणाली, "समुद्राचं काय करू? तू काही बोलत का नाहीस?" मी म्हटलं, "मी काय बोलायचं, साइटच्या प्रमुख तुम्ही." आणि स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला गेलो. नळ गळत नव्हता. आता गळतो. तेव्हापासून तिने होकार कळवलेला नाही आणि नकारही नाही. महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे. ती माझ्या तोंडाकडे बघते आणि मी नळाकडे. ती या साइटवरून गेली तर मी बडबड्याबरोबर म्हातारा होणार, आणि समुद्रात कुठेतरी रोज सकाळी ती दुसऱ्या कोणाला तरी "घट्ट आहे" म्हणणार. मला याचा त्रास होतो. फार होतो. यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

ताईंना नमस्कार, तुमच्या गुडघ्यालाही.

तुमचा धाकटा साडू

ता. क. आता पत्राचं कारण. ताईंचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा ताईंनी तिला फोन करून सांगावं, की समुद्राच्या नादी लागू नकोस. खारं वारं केसांना वाईट असतं, बोटी बुडतात, वगैरे. पडदे रंगवायला तुम्ही समुद्र बघितला असेलच, काय भीतीदायक आढळलं तेही सांगावं.

आणखी ता. क. वरचं रद्द समजावं. ताईंनी सांगितलं आणि तिने खरंच ऐकलं तर काय घ्या! मग त्या जागेवर ते साहेब जातील, आणि ते कुलपं तोडणारे. त्यांच्या हाताखाली चिमणीसारख्या पोरी वर चढणार, हे माझ्याने बघवणार नाही. तेव्हा ताईंनी तिला "जा" असंच सांगावं, आणि जरा दरडावून सांगावं. फक्त माझं नाव येऊ देऊ नये. मी अजून रुसलेलो आहे.

अजून एक. शाळेच्या सहलीत बोटीवर तुम्ही बोट लागू नये म्हणून गोळ्या घेत होतात, त्यांचं नाव कळवा. सहज विचारतो आहे. नवरा-बायकोने एका तुकडीत काम करायचं नाही असा कंपनीचा नियम आहे, पण स्टोअर हे वेगळं खातं आहे आणि समुद्रावरच्या स्टोअरला माणूस हवा आहे असं ऐकतो. लहान मापाचे पट्टे मागितल्यावर गुलाबी हेल्मेटं न पाठवणारा. म्हणून आज इथे खोक्यांमागे बसून बघितलं, कसं वाटतं ते. पाय अवघडतात, बाकी ठीक आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवायला स्टोअरमध्ये डिंक डबाभर आहे, पण तो पात्यांना लावायचा. त्याने चिकटवलं तर पाकीट जन्मात कोणाला उघडता येणार नाही. म्हणून ते उघडंच ठेवून टपालात टाकायला तुमच्या मेहुणीकडे देतो आहे. टपालपेटी तिच्याच वाटेवर आहे. सोबत पेन्सिल ठेवली आहे. पत्र तुमच्यापर्यंत आलं तर ताईंनी फोन करावा. आणि ते तिकडे न येता, दुरुस्त होऊन मलाच परत आलं, तर त्याचा अर्थ मला माहीत आहे. तसं झालं तर यातलं काहीच तुम्हाला वाचायला मिळणार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो.